टाळी कुणाच्या नावाने



कार्तिकीहून परतल्यावर वारीविषयीच लिहायचे असे ठरवले होते. पण निघण्याच्या आधल्या आठवड्यात मालवणात एक व्याख्यान ऐकले आणि ते वारीभर पाठीशी बसले. एसटीत, वाळवंटात, दर्शनाच्या रांगेत, परतताना गगनबावड्याचा घाट उतरत असतानाही मी त्या वक्त्याशी मनातल्या मनात भांडत होतो. पांडुरंगापुढे उभे राहून दुसऱ्याचे भाषण आठवणे हा दोष माझाच आहे, तो पत्करतो. तरी एकदा ते भांडण कागदावर उतरवून मोकळे व्हावे म्हणून हे लिहितो आहे.

वक्त्याचे नाव देत नाही. तुम्ही त्याला ओळखत असाल, किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कुणाला तरी. आता प्रत्येक तालुक्याच्या गावी अशी व्याख्याने होतात. ‘अध्यात्मातून यश’, ‘मनाची शक्ती’, ‘विचार बदला, आयुष्य बदलेल’ अशा मथळ्यांचे फलक तुमच्याही बाजारपेठेत लागले असतील. माझ्या पुतणीने तीनशे रुपयांची दोन तिकिटे काढली होती. ती कुडाळला नोकरी करते, मन लावून वाचते, आणि आमच्या घरात संतांविषयी प्रश्न विचारणारी ती एकटीच आहे. ‘काकानू, चला, त्येंच्या बोलण्यात तुकाराम महाराज येतत,’ असे म्हणाल्यावर नाही कसे म्हणणार? मी आनंदाने गेलो. हे मुद्दाम सांगतो, कारण नावे ठेवायच्या तयारीने मी गेलो नव्हतो.

चांगले ते आधी सांगावे. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. आपल्याकडे सात म्हणजे साडेआठ असते. आवाज स्पष्ट होता, भाषा सोपी होती, आणि दारूविषयी तो जे बोलला ते मनापासून बोलला असे वाटले. सभागृह भरले होते आणि निम्म्याहून अधिक माणसे चाळिशीच्या आतली होती. हा आकडा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आधी दिवे मालवले. मग ढोलासारखा आवाज, पडद्यावर उगवता सूर्य, दहापासून उलटी मोजणी आणि शून्यावर वक्ता धावत मंचावर. पहिले वाक्य होते, ‘मालवणकर, एनर्जी कुठे आहे?’ आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या पुरेशा नव्हत्या, म्हणून पुन्हा वाजवल्या. नंतर दोन तासांत किती वेळा हात वर केले, किती वेळा शेजाऱ्याच्या तळव्यावर तळवा मारला, किती वेळा ‘मी करू शकतो’ असे ओरडलो, ते मोजायचे मी सोडून दिले. माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तर होते. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या तळव्यावर हात मारला तेव्हा आम्ही दोघेही कसनुसे हसलो, लग्नातल्या फोटोवाल्यापुढे हसतात तसे.

आता तुम्ही म्हणाल, कीर्तनातही टाळी असते की! असते. पण ती कशासाठी असते हे आठवून पाहा. ती नामाच्या ठेक्याला असते, पखवाजाला धरून असते, आणि ती वाजवताना कीर्तनकार स्वतःही टाळी वाजवत असतो. कीर्तनकाराला मिळालेली ती दाद नसते. कीर्तन रंगले तर माणसे ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतात. म्हणजे जो चांगला बोलला त्याचे नाव न घेता दुसऱ्याचेच घेतात. ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली गंमत आपल्याला जाणवत नाही. त्या सभागृहात ती जाणवली. तिथली प्रत्येक टाळी एका माणसाकडे जात होती आणि तो ती मागून घेत होता.

ओरडण्याचेही तसेच. आपल्या मालवणी मुलखात समुदायाने एका आवाजात बोलणे नवे नाही. देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा मानकरी देवापुढे एकेक मागणे मांडतो आणि सगळा गाव प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. वाडीतल्या लेकरांसाठी, गुरावासरांसाठी, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांसाठी, पावसासाठी. त्या ‘व्हय म्हाराजा’त माझ्या शेजाऱ्याच्या मागण्याला माझा होकार असतो. शेजाऱ्याशी माझा बांधावरून वाद चालू असला तरी त्याच्या घराच्या गाऱ्हाण्याला मी गप्प राहू शकत नाही. आणि सभागृहात? ‘मी करू शकतो’, ‘मी श्रीमंत आहे’, ‘मी चुंबक आहे’. सहाशे माणसे एकाच वेळी ओरडत होती आणि प्रत्येक जण एकटा होता.

मग गरुड आला. तुम्ही ही गोष्ट ऐकली असेलच. गरुड चाळीस वर्षांचा झाला की त्याची चोच वाकते, नखे निकामी होतात. मग तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून मोडतो, नवी चोच येईपर्यंत वाट पाहतो, नव्या चोचीने नखे उपटतो आणि आणखी तीस वर्षे जगतो. पडद्यावर गरुडाचे चित्र, मागे बासरी. गोष्ट खोटी आहे. पक्ष्याची चोच आणि नखे झिजतात तशी वाढत राहतात, पण चोच मुळापासून मोडलेला शिकारी पक्षी खाणार काय? तो काही दिवसांत उपासाने मरेल. आमच्या पुढच्या रांगेत मासेमारी करणारी तिघे-चौघे मुले होती. आपल्या किनाऱ्यावर समुद्री गरुड उंच झाडांवर घरटी करतात, ही मुले त्यांना रोज पाहतात. त्यांतला एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसून हसला. तेवढ्यात वक्ता म्हणाला, ‘हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे.’ थोड्या वेळाने, माणूस आपल्या मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हेही विज्ञानाने सिद्ध करून दाखवले. तेही खरे नाही. मेंदू सगळाच्या सगळा कामात असतो.

इथे तुम्ही मला अडवावे, आणि अडवायलाच हवे. आपल्या कीर्तनात भिंत चालते, रेड्याच्या मुखातून वेद येतात, बुडालेल्या वह्या तरंगून वर येतात. ते चालते, मग गरुडाचेच वावडे का? या प्रश्नावर मी वारीत बराच विचार केला. मला वाटते, भिंतीची कथा सांगताना कुणी कीर्तनकार ‘तुम्हीही घरी जाऊन भिंत चालवा’ असे सांगत नाही. ती कथा ज्ञानोबांविषयीचे प्रेम सांगते आणि ऐकणाऱ्याला नम्र करून घरी पाठवते. गरुडाची गोष्ट मात्र पुरावा म्हणून सांगितली जाते. गरुडाने केले, मग तू का करत नाहीस? जी गोष्ट पुरावा म्हणून उभी केली ती पुराव्याच्याच कसोटीला उतरली पाहिजे. माझे हे उत्तर सगळ्यांना पटेल असे नाही. मलाही ते पूर्ण पुरत नाही. पण माउलींचे दृष्टांत आठवा. दिवा, सूर्य, पाणी, माती, बीज, आई आणि लेकरू. जे ऐकणाऱ्याने पाहिले आहे त्यातूनच ते उचलतात. म्हणून शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितलेला दृष्टांत आज मालवणच्या दांड्यावरच्या माणसालाही आपला वाटतो.

समुद्राचा दृष्टांत तर या वक्त्यानेही दिला. ‘समुद्र कुणालाच नाही म्हणत नाही. तुम्ही चमचा घेऊन जाता की बादली, हे तुमच्यावर आहे.’ जोरदार टाळ्या झाल्या. पण पुढच्या रांगेतली ती मुले या वेळी हसली नाहीत. आपल्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका यांच्यातला झगडा किती वर्षे चालला आहे, हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल. 2016 साली राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, त्यानंतर प्रखर विजेच्या दिव्यांनी मासे गोळा करण्याचा वाद उभा राहिला. जो रापण ओढतो त्याला विचारा, समुद्र नाही म्हणतो की नाही. रापणीला दोन्ही बाजूंनी दोर ओढायला माणसे लागतात, आणि दोराला ज्याचे हात लागले त्याला वाटा मिळतो. जाळे रिकामे आले तर सगळ्यांचेच रिकामे येते. मालवणात येऊन समुद्रावर बोलायचे होते, तर दुपारी तासभर दांड्यावर फिरून आला असता तरी पुरले असते. हीच बादली बहुधा तो सांगलीलाही नेत असावा, आणि नागपूरलाही.

आता तुकोबांविषयी. पुतणीने सांगितले होते ते खरेच होते. मन प्रसन्न करण्याविषयीचा तो अभंग तुम्हाला लगेच आठवेल. पडद्यावर त्याची पहिली ओळ आली, सोनेरी अक्षरांत, मागे धावणाऱ्या माणसाचे चित्र. वक्त्याने ‘सिद्धी’चा अर्थ सांगितला, ‘सक्सेस’. मन पॉझिटिव्ह ठेवा, सक्सेस तुमच्या मागे येईल, तुकाराम महाराजांनी हे साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. आणि पुढचे चित्र लागले. अभंग संपला!

आपल्याकडे कीर्तनाला अभंग घेतला की तो अभंग कीर्तनकाराचा धनी होतो. दोन तास त्यालाच धरून चालावे लागते. चरणामागून चरण सोडवावा लागतो, संतांचेच प्रमाण द्यावे लागते, आणि एखादा चरण अडचणीचा आहे म्हणून बुवा त्याला वळसा घालून निघाले तर मागे उभा असलेला म्हातारा टाळकरी नेमका तोच चरण उचलून गाऊ लागतो. ही शिस्त कुणी गंमत म्हणून लावली नाही. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती याचसाठी, की उभे राहून बोलणाऱ्याला आधी गाथा आणि ज्ञानेश्वरी अंगात मुरवता यावी. सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कॉलेजचे प्राचार्य होते, पण कीर्तनाला उभे राहिले की अभंगाच्या चाकोरीतच चालत.

तो अभंग पुढे काय म्हणतो ते आपण एकत्र पाहू. मोक्ष आणि बंधन दोन्ही मनाच्याच हाती आहेत, असे तुकोबा सांगतात. देवाची मूर्ती मनच मांडते आणि पूजाही मनच करते. मनच गुरू आहे, मनच शिष्य आहे, आणि ते आपलीच चाकरी आपण करते. शेवटी साधकांना, वाचकांना, पंडितांना आणि नंतर श्रोत्यांना व वक्त्यांनाही हाक मारून ते सांगतात की याहून वेगळे दैवत नाही. पाहा, त्या अभंगात वक्त्याचीच हजेरी घेतली आहे! जो वक्ता तो गातो त्यालाही तुकोबा समोर बसवून ऐकवतात. आणि गुरू जर मनातच आहे, तर सभागृहाच्या दारात लावलेल्या त्या टेबलावर तीन दिवसांच्या ‘अ‍ॅडव्हान्स’ शिबिराची पावती फाडून मी कुणाकडे जायचे? म्हणून मला वाटते, पुढचे चरण विसरले नव्हते. ते गैरसोयीचे होते.

आणखी एक. तुकोबांना यशाचे शिक्षक करायचे तर त्यांचा संसार कुठे लपवायचा? 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, बायको अन्न अन्न करीत गेली, मूल गेले. हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, काही लपवले नाही. परंपरा सांगते की नंतर लोकांकडून येणे असलेल्या आपल्या वाट्याच्या कर्जखतांना त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले. त्या वक्त्याच्या हिशेबाने हा माणूस सपशेल नापास आहे. चोखोबा घ्या. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम करताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर तेही गाडले गेले. जनाबाई आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी दळत-कांडत राहिली. यांचे विचार नकारात्मक होते म्हणून का?

हा प्रश्न मी वादासाठी विचारत नाही. त्या संध्याकाळी तो खरोखरच विचारला गेला.

शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रश्नोत्तरे होती. एका मुलाने स्पर्धा परीक्षेविषयी विचारले, एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकांविषयी. मग मागून एक बाई उठली. पन्नाशीची असेल. फिरता माइक तिच्या हातात दिला तेव्हा तो कुठून धरायचा हे तिला कळेना. ती म्हणाली, ‘आमची होडी तौक्ते वादळात फुटली. घोव दोन वर्षां हातरुणार आसा. तुम्ही म्हणतास आपण चिंतता तसाच घडता. मियां कोणाचा काय वायट चिंतलंय? ह्या सगळा माज्या मनातसून इला काय?’

मे 2021 चे ते वादळ या किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको. पत्रे उडाले, माड-आंबे मोडले, होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. सभागृह शांत झाले. पहिल्यांदाच, कुणी न सांगता.

वक्ता हसला. वाईट हसला नाही, शिकलेले हसू हसला. ‘ताई, वेरी गुड क्वेश्चन. ताईंसाठी टाळ्या!’ टाळ्या झाल्या. ‘ताई, एक सांगा, सकाळी उठल्यावर तुमचा पहिला विचार कोणता असतो? होडी गेली, हाच ना? बघा! तुम्ही रोज वादळालाच निमंत्रण देताय. उद्यापासून एकवीस दिवस सकाळी आरशासमोर उभ्या राहा आणि म्हणा, माझ्याकडे नवी होडी आहे. करणार? मोठ्याने सांगा, करणार?’

बाई ‘करतलंय’ म्हणाली. मोठ्याने नाही. पुन्हा टाळ्या झाल्या आणि ती खाली बसली. मी मान वळवून पाहिले. ती पदराने माइक पुसून पोराच्या हाती परत देत होती.

वाचकहो, व्याख्यानाची शैली म्हणून जे मी आतापर्यंत सांगत आलो, संगीत, टाळ्या, गरुड, अर्धा अभंग, ते सगळे मला तोवर फक्त खटकत होते. इतक्या टीकेला ते पात्र नव्हते. पण या उत्तरानंतर कळले की ही शैली आणि हे उत्तर वेगळे नाहीत. ज्याला दर दोन मिनिटांनी टाळी हवी त्याला दुःखापुढे थांबता येत नाही. ‘मला ठाऊक नाही, ताई’ या वाक्याला टाळी पडत नाही. आणि यश जर माझ्या विचाराने येते, तर अपयशही माझ्याच विचाराने आले असले पाहिजे, हा हिशेब त्या सिद्धांतातच आहे. हॉटेलवाल्याला तो गोड लागतो. त्या बाईला तो सांगतो की तुझी होडी तूच फोडलीस.

कर्माचा सिद्धांत वेगळे काय सांगतो, असा एक चोख प्रश्न पुतणीने परतताना रिक्षात विचारला. मी म्हणालो, आपल्या संतांनी प्रारब्ध मानले हे खरे, पण ते स्वतःच्या भोगाला धीर देण्यासाठी. दुसऱ्याच्या जखमेवर ठेवायला नव्हे. दुसऱ्याचे दुःख समोर आले की त्यांना दयाच सुचली. रंजल्यागांजल्याला आपले म्हणणे ही साधूची खूण तुकोबांनीच सांगितली. त्यांनी अशा माणसाला आरशापुढे उभे राहायला सांगितलेले नाही.

माउली श्रोत्यांशी कसे बोलतात, ते नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला पाहा. ते आधी श्रोत्यांकडे अवधान मागतात, एवढे द्या आणि सर्व सुख तुमचे, असे वचनही देतात. ऐकताना क्षणभर वाटते की हाही वक्ता आपल्याला काही विकतो आहे की काय! पण लगेच ते स्वतःला आवरतात. तुम्हा जाणत्यांच्या सभेत हे मी मोठेपणाने बोललो नाही, ही लेकराची सलगी आहे, तुम्ही माझे संपन्न माहेर आहात, असे म्हणतात. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला माहेर म्हणावे! तिथे वक्ता मंचावरून काही वाटत नाही, तो श्रोत्यांच्या ओटीवर येऊन बसला आहे. सासुरवाशिणीने माहेरच्यांना ‘एनर्जी कुठे आहे?’ असे विचारलेले तुम्ही कधी ऐकले आहे का?

प्रश्न विचारून लोकांना बोलते करणे हीसुद्धा नवी युक्ती नाही. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांचीच सरबत्ती असे. कर्ज काढून लग्न करता का, देवापुढे बकरे कापता का, दारू पिता का, शिवाशिव पाळता का. लोक उत्तर देत आणि देता देता लाजत. पण ते प्रश्न विचारणारा माणूस कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन त्यांचा गाव झाडून आलेला असे. यंत्राचाही माझा राग नाही. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ कॅसेटवरून कोकणातल्या घराघरांत पोहोचला, आमच्या घरातही संध्याकाळी तोच लागायचा. माइक वाईट नाही. खराटा हातात नसणे वाईट.

एवढे ऐकवून मी रिक्षात गप्प बसलो. मला वाटले, जिंकलो. पुतणी थोडा वेळ बाहेर बघत राहिली आणि म्हणाली, ‘काकानू, तुमचे महाराज तरी तिका खंय उत्तर दितत? ते सुनांवर इनोद करतत. आणि थंय तिका इचारूक तरी गावला. आमच्या देवळात बाईमाणूस उठान महाराजांका इचारतला?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, अजून नाही. तिचे म्हणणे खरे आहे हे तुम्हालाही माहीत आहे. गेल्या काही वर्षांत कीर्तनाच्या नावाखाली काय काय चालते ते आपण पाहतोच. बिदागी आधी ठरते, आगाऊ रक्कम घेतली जाते, सिनेमाच्या चालीवर गजर होतो, पोरींच्या कपड्यांवर टिंगल होते आणि माणसे हसून लोळतात. तीही टाळी एका माणसाकडेच जाते. जिथे कीर्तन करायचे त्या गावचे अन्नसुद्धा घेऊ नये, सोबतच्या जनावराला वैरणही मागू नये, इतकी कडक अट तुकोबांनी घातली होती. ती अट सध्या कोण पाळतो हे मोजायला दोन हातांची बोटे लागणार नाहीत. तीनशे रुपयांच्या तिकिटावर मी इतका तापलो, पण आमच्या सप्ताहाच्या वर्गणीतला मोठा भाग कुठे जातो ते मी कधी विचारले नव्हते.

आणि तो आकडा. त्या सभागृहात निम्मी माणसे चाळिशीच्या आतली होती. आमच्या देवळात गेल्या वर्षी सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी कीर्तनाला मी माणसे मोजली, अडतीस भरली. त्यांत चाळिशीच्या आतले पाच, आणि त्यांतला एक जण लाउडस्पीकरवाला. मुंबईला पोरे गेली, आषाढात तरवा लावायचा असतो, कामे असतात, ही सगळी कारणे खरी आहेत. पण ज्यांच्याकडे वेळ होता तीसुद्धा तिकीट काढून तिकडे गेली. ती बाई तिकडे का गेली? तिच्या वाडीतही देऊळ असेल, सप्ताहाला तिच्या वाडीचाही प्रहर असेल. तिने तो प्रश्न दोन वर्षे मनात धरून ठेवला होता आणि तो विचारायची जागा तिला सापडली ती तिथे.

पंढरपुरात नामदेव पायरीजवळ, चोखोबांच्या समाधीपुढे हात जोडताना मला तीच आठवली. माइक पुसणारी. तिचे नाव-गाव मी विचारले नाही. सभा सुटल्यावर दोन पावले चालून गेलो असतो तर भेटली असती, पण मी पुतणीला वक्त्याच्या चुका सांगण्यात गुंतलो होतो.

परतल्यावर आमच्या सप्ताहाच्या कीर्तनाला येणाऱ्या बुवांना भेटलो. साधे गृहस्थ आहेत. कसालजवळ त्यांचे किराणा दुकान आहे, आळंदीला चार वर्षे शिकून आलेले, विनोद बेताचा करतात. त्यांना सांगितले की या वर्षी आरतीनंतर लगेच उठू नका, विणेकऱ्याच्या बाजूला अर्धा तास बसा, ज्याला काही विचारायचे त्याला विचारू द्या. बायकांना आधी. माइक नको. त्यांना ते फारसे रुचले नाही. कीर्तनानंतर वादविवाद करू नये असा पाठ आहे, म्हणाले. मी म्हटले, वाद नाही, गाऱ्हाणे समजा. मग त्या बाईचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा, मालवणीत, सांगितला.

ते बराच वेळ तराजूच्या पारड्यात बोट फिरवत बसले. पुतणी बरोबर होती. तिने विचारले, ‘आणि उत्तर येयना तर?’

‘तर म्हायत नाय असा सांगतलंय,’ बुवा म्हणाले, ‘आणि तिचो घोव खंय आसा ता इचारून दुसऱ्या दिवशी बघूक जातलंय.’

सप्ताह मार्गशीर्षात आहे. आमच्या वाडीचा प्रहर पहाटेचा असतो, कीर्तन रोज रात्री नऊला.